सात वेळा हिरवा

पंपाच्या खोलीत, मीटरांच्या वर,
स्टीलच्या डब्याला भोकं पाडून
शर्वरी घोसाळकरनं बसवलेला तो बोर्ड,
पत्त्याच्या पानाएवढा, बारा वर्षांचा.
पाणी आलं की मोटर चालू, टाकी भरली की बंद,
एवढंच त्याचं काम.
शर्वरी आता लीड्सला असते.
बोर्ड अजून कोपरखैरण्यात.

रात्री अकराला वीज गेली, पावणेबाराला आली.
सगळं उठलं, लिफ्टसुद्धा. हा नाही.
लाल दिवा ठाम,
हिरवा मेलेला.

पाणी साडेचारला येतं, पाच चाळीसला जातं.
बिऱ्हाडं बावीस. आणि सेक्रेटरी मी,
कारण मीटिंगला बाकीचे खाली बघत बसले होते.

झाकणाला आतून तिचा कागद चिकटवलेला:
‘बाळूकाका, घाबरू नका.
हिरवा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा.
तीन, चार, सात, प्रत्येकाचं दुखणं वेगळं.
एकदाही नाही, तर कार्ड काढा, पुसा, परत घाला.’

काढलं. सोनेरी पट्ट्यांवर हिरवट थर,
खाडीची हवा, दुसरं काय.
नातीच्या कंपासपेटीतला खोडरबर घासला,
फुंकर मारली, खटकन बसवलं.
एक, दोन, तीन…
मी मराठीत मोजत होतो, वॉचमन रामसूरत हिंदीत,
दोघांचंही सात आलं.
सात म्हणजे, कागद सांगतो, कर्नल सापडला नाही.
‘कौन कर्नल साहब?’ रामसूरतनं विचारलं
आणि स्टुलावरून उठून उभा राहिला.
त्याचा भाऊ फौजेत आहे.

दुसरं कार्ड तिनं पाकिटात ठेवलेलं,
पाकिटावर लिहिलेलं, ‘अगदीच अडलं तर’.
अडलं होतं.

केबिनमधला रामसूरतचा ढेरीवाला टीव्ही आणला,
पिवळी पिन खुपसली.
इंद्रधनुष्याचा एक चौकोन,
मग अक्षरं वर वर धावत सुटली,
आणि मध्येच अंधार.
परत चौकोन, परत अंधार.
गुडघे गेलेला माणूस
दर वेळी त्याच पायरीवरून खाली येतो, तसं.

तीन वाजता मल्टीमीटर लावला.
पाच व्होल्ट हवेत. चार पूर्णांक चार.
मी चार्जरकडे पाहिलं. चार्जर आमचा नव्हता.
मग रामसूरतकडे पाहिलं.
तो स्वतःच्या चपलांकडे पाहत म्हणाला,
‘मेरावाला जल गया था, सेठ. दिवाली में.’
दिवाळीपासून हा अर्ध्या भाकरीवर
बावीस घरांचं पाणी चढवत होता,
आणि कुरकुरला नव्हता.
वर जाऊन जाड वायरीचा चार्जर आणला,
येताना सुनेचा एक डोळा उघडा दिसला.

चार दहा. अक्षरं शेवटपर्यंत गेली.
एक चौकट नुसती मिटमिटत राहिली, विचारा म्हणून.
मी तारीख विचारली.

एक जानेवारी एकोणीसशे सत्तर,
पहाटेचे साडेपाच.

‘ह्याच्यात घड्याळ नाही,’ कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात,
‘तो तिथूनच सुरू करतो. तुम्ही सांगा त्याला.’

सत्तर.
म्हणजे ही चार मजली नाही, सेक्टर नाही,
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट नाही, टक्केच नाहीत,
संपादनाची नोटीस अजून कुणाच्या टेबलावरही नाही.
मोटरच्या जागी खाजणाचा बांध,
आजा कंदील घेऊन उघाडीची फळी सोडायला निघालेला,
मागे सहा वर्षांचा मी, नाक ओढत.
‘भरती कोनाला इचारून येत नाय,’ म्हणायचा,
दर वेळी, जणू मी आधी ऐकलंच नव्हतं.

खरी तारीख टाकायला बारा आकडे लागतात.
मी लगेच टाकले नाहीत.

मग पाइपात हवा खाकरली.
फ्लोट उचलला, रिले टकटकला,
मोटरनं दात खात पाणी धरलं.
बोर्डाच्या मते तेव्हा पाच पन्नास.

‘कर्नल साहब मिल गए?’
मिल गए, मी म्हटलं, आणि आकडे टाकले.

चार्जरचे पैसे पगारातून कापणार नाही
हे त्याला सांगायचं राहिलं.
तो टीव्ही पोटाशी धरून
केबिनकडे निघूनसुद्धा गेला होता.