अकरा

दारात बूट काढायचे, आत सपाता,
संडासाच्या सपाता आणखी वेगळ्या,
आणि चटईवर नुसते पाय.
पहिल्या सकाळी अच्युत
संडासातल्या सपाता घालून थेट नाश्त्याला आला.
कुरोसेबाई बोलल्या काहीच नाहीत,
फक्त नमस्काराला इतक्या खाली वाकल्या
की त्यानेही खाली पाहिलं.

मी खो खो हसले. मग वाटलं,
या माणसाला हसायचा हक्क
मला नक्की कधीपासून मिळाला?

बाईंनी फोन तोंडाशी धरून काही विचारलं.
फोन मराठीत म्हणाला: तुमचे लग्न किती?
अच्युतने दोन्ही पंजे उघडले, मिटले, मग एक बोट.
फोन जरा थांबून म्हणाला:
अकरा वर्षे. हे फार सुंदर आहे.
बाईंनी टाळ्या वाजवल्या
आणि आतून मुळ्याचं लोणचं आणलं,
इतरांच्या ताटात नसलेलं.

अकरा दिवस, बाई.
त्यातला एक विमानात गेला.
मी चौपन्नची, हा अठ्ठावन्नचा,
रजिस्ट्रारच्या टेबलाशी याचं पेन उमटेना
म्हणून शिपायाचं मागून सही केली.
एवढं सगळं त्या फोनला कोण सांगणार?
आम्ही लोणचं खाल्लं.

कामाकुराच्या गाडीत कुणी बोलत नाही.
आपण बोललो तर सगळा डबा ऐकतो,
कळत नसलं तरी.
म्हणून कानाशी लागून
अकरा वर्षं रचायला घेतली.
पहिल्या वर्षी गॅसचा नंबर कुणाच्या नावावर.
चौथ्या वर्षी फ्रिज: नवा घ्यायचा की जुनाच दुरुस्त.
तीन दिवस अबोला.
चार, तो म्हणाला.
सातव्या वर्षी तू घोरणं सोडलंस.
सोडलं नाही, तुला सवय झाली.
पाचव्या वर्षाचं मात्र काही सुचेना.
ते तसंच रिकामं ठेवलं.
असतंच की एखादं.

समोर पिवळ्या टोपीतला शाळकरी पोरगा
झोपेत कलंडला, शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याच्या खांद्यावर.
म्हातारा हलला नाही.
त्याचं स्टेशन गेलं पोरासाठी, अच्युत म्हणाला.
काहीतरीच, त्याला पुढेच उतरायचं असेल.
यावरून आमचं पहिलं खरं भांडण झालं,
पूर्ण कुजबुजत,
हातवारे मांडीच्या वर न नेता.

तिथला बुद्ध आतून पोकळ आहे.
चार नाणी दिली की पोटात शिरता येतं.
बाहेरून तो एकसंध, शांत,
आत मात्र सगळे सांधे दिसतात,
कुठला तुकडा कुठे जोडला, कुठे डाग दिला.
आणि पाठीला दोन खिडक्या.
पाठीला कशाला? अच्युत म्हणाला, आणि गप्प झाला.

माझ्याही पाठीमागे एक घर आहे,
भिंतीवर एक फोटो.
अच्युतने त्याला कधी हार घातला नाही,
काढ असंही कधी म्हणाला नाही.
एकदा पुसला होता फक्त, मी घरात नसताना.
काच स्वच्छ दिसली, त्यावरून कळलं.

आतलं कांस्य फार गार होतं.
मी हात टेकला. मग त्यानेही टेकला,
माझ्या हाताशेजारी, अंतर राखून.
मागून शाळेची सहल आली, आम्ही बाहेर पडलो.

संध्याकाळी परतलो तर
बाईंनी दोन्ही गाद्या एकमेकींना चिकटवून घातलेल्या.
अकरा वर्षांच्या जोडप्यासाठी.
अच्युतने आपली हातभर सरकवली,
माझ्याकडे पाहिलं,
आणि निम्मी परत आणली.

घड्याळ मी अजून लावून घेतलेलं नाही.
त्यात साडेनऊ, तिकडची जेवणं उरकली असतील.
इथे रात्रीचा एक.
गल्लीत पेयांच्या यंत्राचा दिवा
कुणी नसताना जळतोय.
अच्युत घोरतोय, चांगला मनापासून.
सातव्या वर्षापर्यंत
थांबायचं आहे.