बोट न आलेला दिवस

बुटारिटारीला आज बोट आली नाही.
म्हणजे तांदूळ नाही, रॉकेल नाही,
आणि कुणाची वाट बघणंही संपलं.

नेइ रोटिया ओट्यावर बसून
केवड्याच्या पाती शिंपल्याने घासतेय.
घराला भिंती नाहीत. वारा
या अंगाने येतो, त्या अंगाने जातो,
खाटेखालची कोंबडीसुद्धा
त्याच्याकडे बघत नाही.

तेबुरेआ नीरा काढायला माडावर चढलाय.
वर असलं की गात राहायचं,
म्हणजे खालच्यांना कळतं,
माणूस अजून वरच आहे.
मधेच तो एक ओळ विसरला.
तिने खालून पुरवली,
मान वर न करता.

दुपारी नीरफणस भाजला.
विहिरीचं पाणी जरा खारट लागलं;
दोघांनाही लागलं,
कुणी काही बोललं नाही.

खांबाला मुलाचा फोटो बांधलाय:
हॅम्बुर्गचं धुकं, मागे जहाज,
गळ्यापर्यंत बटणं लावलेला जाड कोट.
‘उकडत असेल गं त्याला,’
तेबुरेआ रोज म्हणतो,
आणि रोज ती हसते.

आज उन्हं तिरकी होऊन
खांबापाशी आली तेव्हा
तीच उठली,
गाठ सोडली,
आणि फोटो सावलीच्या बाजूला
बांधला.