पन्नास गुणिले दोन

आमच्या गावाचं नावच नाव.
वूच म्हणजे पोलिशमध्ये होडी,
आणि होडी तरंगावी एवढं पाणी गावात कुठे दिसत नाही.
नद्या होत्या. गिरण्यांखाली पुरल्या, विटांच्या नळांत.
अजून वाहतात म्हणे.

बोग्नानं, माझ्या बहिणीनं, नव्वद साली
गिरणीच्या हिशेबखात्यातल्या संगणकावर
रात्रपाळीत एक खेळ लिहिला.
डावीकडून पडाव येतो, कोळशानं भरलेला.
तो पोचायच्या आत कळ दाबून पूल उचलायचा.
बस्स.
वेळ मोजायची धड रीत तिला ठाऊक नव्हती,
म्हणून यंत्राला सांगितलं:
शून्यापासून तीस हजारांपर्यंत मनात मोज,
मग पडाव एक घर पुढे सरकव.

आजच्या यंत्रावर तो खेळ लावला
तर पूल दिसायच्या आधीच मोडलेला असतो.

मी एकतीस वर्षं माग दुरुस्त केले.
धोटा फार पळाला की सूत तुटतं.
तेव्हा मोटरला शिव्या घालून भागत नाही,
मोटर तीच ठेवून पट्ट्याचं चाक बदलावं लागतं.
चिपचंही तसंच.
पेंटियम काही आपल्या मनानं पळत नाही.
बोर्ड तिला सहासष्टाचा ठोका देतो
आणि सांगतो, याची औटकी कर.
तेव्हा कुठे तिच्या पाठीवरचे दोनशे तेहतीस भरतात.

पहिला बोर्ड पाबियानित्सेच्या एका दंतवैद्याचा.
साठाच्या खाली उतरायला तयार नाही.
दुसरा अतिशहाणा:
चिप स्वतः ओळखतो, वेग स्वतः ठरवतो,
मला विचारायची सोयच ठेवलेली नाही.
तिसरा येरेमीनं रविवारच्या बाजारात
वर्तमानपत्रात गुंडाळून दिला,
बदल्यात मुरवलेल्या अळंब्यांची बरणी.
चॉकलेटी रंग, माहितीपुस्तक नाही,
सॉकेटशेजारी पांढऱ्या शाईत एक कोष्टक, अर्धं खरवडलेलं.
भिंगातून वाचलं: पन्नास.

पन्नास! मी एकटाच टाळी वाजवून बसलो.

पुढे दिडकीची खूण होती. लोभ सुटला.
पन्नासाची दिडकी, पंच्याहत्तर, आणखी काय हवं?
टोपी बसवली, यंत्र चालू केलं,
आणि बाई निघाल्या एकशे पंच्याहत्तरनं.
बोर्ड जुन्या बोलीत दिडकी म्हणतो,
ही नव्या पिढीची, हिला ते औटकी ऐकू येतं.
माझ्या नातवाचं आणि माझं असंच चालतं.

मग दुप्पट. पन्नास गुणिले दोन, शंभर.
तरी पडाव धावतच होता.
शेवटी तिचा खिसाच शिवून टाकला,
म्हणजे कॅश बंद केली.
आता एकेका आकड्यासाठी गोदामापर्यंत चालत जा,
चालत ये.
पडाव पाण्यावर टेकला. कोळसा दिसू लागला.
काठावरचं झाडसुद्धा, जे मी विसरलो होतो.

बोग्ना ग्दिन्याहून आली, कोट न काढताच बसली.
पडाव अर्ध्यात होता, तिनं कळ दाबली,
पूल वर.
ती थांबली. अजून थांबली.
“इतका रेंगाळत नव्हता रे.”
मी म्हटलं, मला अस्साच आठवतो.
“तू खेळायचास. लिहिला मी होता.
एक दात पुढे घे.”

यंत्र बंद केलं. चिमट्यानं टोपी उपसली,
पंचावन्नच्या पिनांवर नेईपर्यंत हात हलला
आणि ती उडाली,
काळी, मसुराच्या दाण्याएवढी,
काळ्याच गालिच्यावर.

आता दोघं गुडघ्यांवर आहोत.
माझे वाजतात, तिचा एक नवा बसवलेला आहे.
टॉर्च तिच्याकडे, चिमटा माझ्याकडे.
किती वेळ लागतो ते बघू म्हणून
ती टेबलाखालून मोठ्यानं मोजतेय.
दोनशे अकरा, दोनशे बारा.
तीस हजाराला अवकाश आहे.