हळू

पाचवं लागलं अंबूला, अंगठा सुटेना.
उजवाच. डावा दिला तर थुंकून टाकते,
जणू दुसऱ्याच कुणाचा.

वरचे दात पुढे झुकलेत, खालचे आत, मध्ये फट.
पेरूचा घास तुटत नाही, नुसता ओरखडा उठतो.
ससा म्हणताना फटीतनं वारा जातो.

मिरची लाव, सासू म्हणाली.
कोरफड लाव, बिल्कीसभाभी म्हणाली.
कडूच लावायचं तर माझा हात काय कमी आहे?
दिवसाला हजार विड्या. जर्दा नखात, जर्दा घामात.
अंगावरचं दूध तुटलं तेही ह्याच वासानं.
एक दिवस तोंड फिरवलं
आणि स्वतःचा अंगठा शोधून काढला तिनं.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

निपाणीहून चिकोडीला नेलं, दातांच्या डॉक्टरकडं.
पट्टणशेट्टी मॅडम. त्यांचं मराठी तोडकं,
माझं कन्नड बस थांबवण्यापुरतं.
आरसा घालून पाहिलं, म्हणाल्या, हल्लु.
मला ऐकू आलं, हळू.
पुढचं सगळं कन्नडात, आणि मी मान डोलावत
हळू, हळू.
बाहेर कंपाउंडरनं फोड करून सांगितली:
दात दुधाचे आहेत,
पक्के यायच्या आत सवय मोडली
तर फट बरीचशी आपोआप मिटंल.
तिखट नको, मार नको, हाताला काहीतरी द्या.
म्हणजे मी फार चुकीचं ऐकलं नव्हतं.

येताना रेशनला थांबलो.
मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा.
पदराला पुसून ठेवला. लाल.
पानं वळून वळून रेषाच उरल्या नाहीत.
मागं रांग खाकरायला लागली.
अंबूनं तोंडातला अंगठा काढला,
फ्रॉकला पुसला, वर धरला,
माझा घ्या की.
सगळे हसले. दुकानदारसुद्धा.

रात्री बल्बखाली सूप मांडीवर.
तिच्या हातात दोऱ्याचं रीळ दिलं,
आणि लगेच काढून घेतलं. हे नको.
डब्यातले चिंचोके दिले मोजायला.
सतराला झोप लागली.
अंगठा बाहेर राहिला,
पांढरा, फुगलेला,
पाण्यात विसरलेल्या हरभऱ्यासारखा.
बल्ब खाली ओढला.
रेषा आहेत. सगळ्या आहेत.
वळणं घेत मधोमध गेलेल्या.
त्या मोजताना कट्ट्याचा हिशेब चुकला,
चोवीस की पंचवीस.

पहाटे बघते तर परत तोंडात.