काकवीवरची जकात
(न्यूपोर्ट बंदर, १७६४)

गॅलनमागे सहा पेनी होती,
तेव्हा कुणीच भरत नव्हतं.
फ्रेंच बेटांवरची काकवी रात्री उतरायची
आणि मी, जकातघराचा कारकून,
वहीत लिहायचो : गोडं पाणी, चाळीस पिंपं.
दीड पेनी हातावर पडली
की माझे डोळे आपसूक मिटत.

आता लंडनने दर निम्मा केला.
तीन पेनी. केवढी दया!
सोबत धाडलं एक लढाऊ गलबत
आणि झोप न येणारा कप्तान.

आज भट्टीवाला अझारिया थर्स्टन आला.
नाणी मोजून ठेवली, पावती मागितली.
वीस वर्षांतली पहिली.
शिक्क्याचा खण उघडेना,
काकवीनंच चिकटून बसलेला.

मी ओढत होतो, तो म्हणाला,
"महाग होती ना, तेव्हाच परवडायची रे."

मी हसलो नाही.
कप्तान दारात उभा होता.