सहा जागा

दाणे दिसतात.
काळ्या जागी जास्त, चेहऱ्यावर कमी,
पण दिसतात, ताटाबाहेर रवा सांडावा तसे.
मिग्लेच्या केसांत, जाळीच्या मागे,
गोल अडवायला पसरलेल्या तिच्या हातांखाली,
जिथे खरं तर नुसती हवा होती.

आयएसओ सहा हजार चारशे.
त्याच्या खाली उतरलो की चेंडूला शेपूट फुटतं.
बिर्झाईच्या शाळेच्या हॉलमध्ये हँडबॉल
असाच टिपावा लागतो,
अंधाराच्या पोत्यात हात घालून.

तीन सॉफ्टवेअर उतरवून घेतलीत,
चौदा-चौदा दिवस फुकट.

पहिलं हावरं. पट्टी जराशी सरकवली
की दाण्यांबरोबर जाळीही खातं,
पाठीवरच्या आठाचा तीन करतं,
जमिनीच्या फळ्यांवर साबण फिरवतं.

दुसरं सभ्य. विचारत बसतं:
रंगातले किती काढू, उजेडातले किती,
कडा किती राखू?
मी जन्माचा वायरमन.
मला फेज कळतो, न्यूट्रल कळतो,
कडांचं मला कोणी कधी विचारलं नव्हतं.

तिसरं हुशार, म्हणजे धोक्याचं.
ते पुसत नाही, अंदाज बांधतं.
मिग्लेला त्यानं पापण्या दिल्या, मोजून घ्याव्यात अशा,
आणि उर्तेच्या हनुवटीवरचा व्रण
न विचारता काढून घेतला.

उर्तेला दाखवलं. वाटलं, चिडेल;
उपांत्य सामन्यातले पाच टाके ते,
पट्टी लावून पुन्हा मैदानात उतरली होती.
ती बराच वेळ बघत राहिली.
"हाच द्या मला," म्हणाली.
मग दारातून मागे वळून,
"आईला मात्र जुना."

रात्री वांदानं विचारलं, केवढ्याला आहे ते?
एकोणऐंशी युरो.
ती बटाटे सोलत होती. साल न तोडता म्हणाली,
"आणि दिवा केवढ्याला?"

आमच्या घरात हा विषय निघत नाही.

सत्त्याऐंशी साली त्या हॉलचं वायरिंग मीच केलं.
कागदावर चोवीस दिवे.
छताला सोळा.
आठ गेले सामुदायिक शेतीच्या चेअरमनच्या काचघरात,
तेही मीच जोडून दिले, नीट, अर्थिंगसकट.
आणि त्या मार्चमध्ये, बाहेर गुडघाभर बर्फ
आणि दुकानात नुसती बरणीतली कोबी असताना,
मला बादलीभर टोमॅटो मिळाले.
पडदे ओढून खाल्ले आम्ही, मीठ लावून.
रस कोपरापर्यंत आला होता.
आपलेच दात, आपलेच ओठ;
बोलणार कोणाला?

तेव्हापासून बल्ब बदलले, जागा त्याच.
पोरींच्या तीन पिढ्या
त्या उरलेल्या उजेडात चेंडू शोधत आल्या.
आता फोटो दोनशे टक्के मोठा केला
की दाणा मला दाणा दिसत नाही.
बी दिसतं. पिवळट, बुळबुळीत, चपटं.

कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं
याचा विचार मी तेराव्या दिवशी सोडला.
एकोणऐंशी युरोत दोन एलईडी आले.
मुख्याध्यापिका दाल्याबाई म्हणाल्या, शाळेकडे पैसे नाहीत.
म्हटलं, मागितले कुठे?
मग कशासाठी?
म्हटलं, जुनं देणं आहे.
शिडी वांदानं धरली. एकाहत्तराव्या वर्षी
माझ्यापेक्षा तिचीच पकड बरी.

शनिवारी सामना.
दोन्ही दिवे नेमके गोलसमोर.
मिग्ले डोळे किलकिले करत राहिली,
आम्ही तीन गोलांनी हरलो.
प्रशिक्षकानं छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग पुन्हा छताकडे.

फोटो बत्तीसशेवर निघाले.
दाणे आहेतच. रवा जरा बारीक, एवढंच.
पुढच्या पेन्शनला ते दुसरं, सभ्य सॉफ्टवेअर घेईनही;
किती राखू असं विचारतं तरी.

सध्या शिडी परत दिलेली नाही.
छताला अजून सहा जागा मोकळ्या आहेत.