द्वारकेचं निदान

बहरीन, सित्रा, शुक्रवार. एसी नुसता घुरघुरतो.
खोलीत सहा खाटा, कादंबरी एकच,
पुठ्ठा सुटलेली; मधली आठ पानं
कुणाच्या तरी बॅगेतून परत गावी गेलेली.

उपेंद्र डिप्लोमा करतोय मानसशास्त्राचा, मोबाईलवर.
पेन्सिलीनं समासात लिहितो:
द्वारका दोन ताटं वाढते, एकातच जेवते. भ्रम.
कडी तीनदा तपासते. ओसीडी.
भर लग्नातून उठून विहिरीपाशी जाऊन बसते. अंतर्मुख,
आणि खाली चार इंग्रजी अक्षरं, तिचा टाईप.

मी म्हटलं, बॉर्डरलाईन असेल.
बाबल म्हणाला, सासू नार्सिसिस्ट आहे, तेही लिही.
लिहिलं.
संध्याकाळपर्यंत सगळं गाव आजारी निघालं,
मारुतीच्या पुजाऱ्यापासून पाटलाच्या बैलापर्यंत.

दाऊदचाचा परकार मोरीत हमूर साफ करत होते.
खवले उडून आरशाला चिकटत होते.
मान वर न करता म्हणाले,
‘तिचा घोव कुठं असतो, ते लिवलंय काय?’

उपेंद्रनं पानं चाळली, मागे, पुढे.
‘त्या आठ पानांत असेल.’

चाचांनी हात धुतले, पुसले नाहीत.
‘आमची पण मांडते. दोन ताटं.
विचारलं तर म्हणते, मांजराला.
आमच्यात मांजर नाही.’

उपेंद्रनं खोडरबर शोधलं. सापडलं नाही.
मग ओल्या बोटानं घासत बसला तो ‘भ्रम’,
कागद तिथं पातळ होत गेला
आणि पलीकडच्या पानावरची विहीर
उलटी दिसायला लागली.